बदलापूर (चित्रपट)

श्रीराम राघवन दिग्दर्शित हिंदी सूडपट. प्रदर्शन २० फेब्रुवारी २०१५. मास्सिमो कार्लोत्तो यांच्या २००४ च्या इटालियन कादंबरीवर आधारित. बँक दरोड्यात बायको आणि मुलगा गमावलेला रघू (वरुण धवन) पुणे सोडून बदलापूरला एकटा राहतो आणि पंधरा वर्षे सूड जपतो. त्या दरोड्यातला, आता कर्करोगाने खंगलेला कैदी लायक (नवाजुद्दीन सिद्दीकी) तुरुंगातून सुटू पाहतो, तेव्हा दोघे पुन्हा समोरासमोर येतात. कार्लोत्तो यांना स्वतःला खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली होती व १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. माफी कोणी, कोणाला द्यायची हा कथेतला प्रश्न म्हणूनच इतका धारदार आहे.

चित्रपट चांगला चालला. सिद्दीकींच्या अभिनयाची एकमुखाने वाखाणणी झाली. गुन्हेगार अधिक माणूस आणि पीडित अधिक क्रूर वाटू लागतो, ही उलथापालथ समीक्षकांना भावली. मतभेद झाले ते उत्तरार्धाची गती आणि स्त्रीपात्रांना मिळालेली वागणूक यांवर. दुसरा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल : सुडाची किंमत इथे वारंवार बायकाच मोजतात.

शीर्षकात ‘बदला’ या हिंदी शब्दावर श्लेष आहे. कुळगाव-बदलापूर परिसरात मात्र गावाच्या नावाची वेगळी व्युत्पत्ती सांगतात : प्रवासात येथे घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. उल्हास नदीकाठच्या, लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांच्या या गावाचे नाव चित्रपटामुळे देशभर सुडाशी जोडले गेले.