चाळिशी आणि चष्मा : एका उपायाच्या प्रसाराचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयाचा एक टप्पा दर्शवितो, त्या वयात जवळचे अंधुक दिसू लागण्याची अवस्था दर्शवितो आणि त्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाही ‘चाळिशी’च म्हणतात. वय, दोष आणि उपाय यांना एकच शब्द पुरावा इतकी ही अवस्था सार्वत्रिक आहे. तिच्यावरील उपाय मात्र सर्वांपर्यंत सारखा पोहोचला नाही. प्रस्तुत लेखात या उपायाच्या शोधाबरोबरच त्याच्या प्रसाराचा विचार केला आहे.

उपायाचा उगम

पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलातून बारीक अक्षरे मोठी दिसतात, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने केली आहे. इंग्लंडमधील रॉजर बेकन याने १२६७ च्या सुमारास, वृद्धांना वाचनासाठी काचेचा गोलखंड उपयोगी पडतो, असे लिहिले. प्रत्यक्ष चष्मा १२८६ च्या सुमारास इटलीत तयार झाला. ही कला निघून वीस वर्षेही झालेली नाहीत, असे जोर्दानो या धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथील प्रवचनात सांगितले. पिसा येथील मठाच्या वृत्तान्तानुसार, मूळ कारागीर आपली कृती इतरांना सांगण्यास तयार नव्हता; तेव्हा अलेस्सांद्रो देल्ला स्पिना (मृत्यू १३१३) याने स्वतः चष्मे बनवले आणि ती विद्या आनंदाने सर्वांना दिली. मूळ कारागिराचे नाव इतिहासाला अज्ञात राहिले. विद्या वाटणाऱ्याचे टिकले.

१४६२ मध्ये मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांत दूरचे पाहण्यासाठी आणि जवळचे पाहण्यासाठी वेगवेगळे चष्मे होते. यावरून पंधराव्या शतकात हा व्यवसाय किती स्थिरावला होता हे दिसते.

भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी घेतला. विजयनगरच्या राजदरबाराशी संबंधित व्यासराय यांच्या संस्कृत चरित्रात, ते चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथ वाचत असल्याचा सोळाव्या शतकातील उल्लेख त्यांनी अभ्यासकांपुढे आणला.

शास्त्रीय उलगडा

बहिर्वक्र व अंतर्वक्र भिंगांनी दृष्टी का सुधारते, याचे विवेचन केप्लरने १६०४ मध्ये केले. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो, हे टॉमस यंग याने १८०१ मध्ये दाखविले. हेल्महोल्ट्झने १८५५ मध्ये या क्रियेची उपपत्ती मांडली : भिंगाभोवतालचा स्नायू आकुंचन पावला की भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगते. वयोमानानुसार भिंग कठीण होत जाते व ही क्षमता घटते. वयानुसार होणाऱ्या या घटीचे पद्धतशीर विवेचन डोंडर्सने १८६४ च्या ग्रंथात केले. अर्थात उपाय हाती आल्यानंतर पाच शतकांहून अधिक काळाने त्याचे कारण उमगले.

पुढे उपायांचे प्रकार वाढले. एकाच चौकटीत दोन प्रकारची भिंगे बसविलेल्या चष्म्याचे वर्णन बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ च्या पत्रात केले. क्रमाने शक्ती बदलत जाणारे भिंग १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आले. २०२१ मध्ये अमेरिकेत या अवस्थेसाठी डोळ्यांत घालावयाच्या थेंबांनाही मान्यता मिळाली.

प्रसारातील विषमता

तोमासो दा मोदेना याने १३५२ मध्ये त्रेव्हिझो येथे रंगविलेल्या भित्तिचित्रात चष्मा लावलेला धर्मपंडित लिहिताना दिसतो. चष्मा हे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याचे साधन, ही समजूत अशा प्रतिमांतून दृढ झाली. परंतु सुईत दोरा ओवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या वा विणकाम करणाऱ्या हातांनाही जवळच्या दृष्टीची तितकीच गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार चाळिशीवर उपाय न मिळालेल्या लोकांची संख्या सुमारे ८२.६ कोटी होती.

या वंचिततेची आर्थिक किंमत अलीकडे मोजली गेली. आसाममधील चहाच्या मळ्यांतील चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले. बांगलादेशातील २०२४ च्या अभ्यासात चष्मा मिळालेल्यांचे मध्यक उत्पन्न आठ महिन्यांनंतर सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक होते.

निष्कर्ष

चाळिशीच्या इतिहासात ज्ञानाचा अभाव हा उपायाच्या आड आला नाही. कारण न कळताही चष्मा पाच शतके उपयोगी पडला. आड आली ती, चष्मा कोणाला लागतो याविषयीची संकुचित कल्पना. स्वस्त, तयार चष्मा उपलब्ध असताना केवळ जवळचे दिसत नाही म्हणून मजुराची कमाई घटावी, ही वैद्यकाची नव्हे, वितरणाची उणीव आहे. स्पिनाने सातशे वर्षांपूर्वी केलेले वाटपाचे काम अद्याप अपुरे आहे.