ऑक्सफर्डच्या दारात पुण्याची एक मुलगी



आपल्यातील एखादा होतकरू विद्यार्थी परदेशातील नामांकित विद्यापीठाचा अर्ज भरावयास बसतो, तेव्हा तीन प्रश्न त्याच्यापुढे उभे राहतात. प्रवेश मिळेल काय? पैसा कोठून आणावा? आणि एवढे करून पदरात काय पडणार? हे प्रश्न नवे नाहीत. सुमारे एकशे पस्तीस वर्षांपूर्वी ते एका तरुणीपुढेही उभे राहिले होते. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. वडील पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाई पुण्यात शाळा चालवीत. त्यांत इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती व उर्दू शिकविणाऱ्या शाळाही होत्या. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पण स्त्रियांना पदवीचे दार उघडले ते १८८३ मध्ये. त्यानंतर थोड्याच वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया त्या विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि तीही पहिल्या वर्गात.

तिच्या सांगण्यानुसार, या यशाबद्दल इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली. कारण एकच, ती स्त्री होती. गुण होते, हक्क होता, पण नियम करणाऱ्यांनी मुलगी पहिली येईल हे गृहीतच धरले नव्हते!

कॉर्नेलिया रडत बसली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने इंग्रजी शिकविण्याची नोकरी धरली. इकडे लेडी मेरी हॉबहाउस यांनी इंग्लंडमध्ये तिच्यासाठी मदतीचे आवाहन केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आदींनी हातभार लावला आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

पण प्रवेश मिळाला म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये स्त्रियांना व्याख्याने ऐकता येत, पदवी मात्र मिळत नसे. कॉर्नेलियाला कायदा शिकावयाचा होता. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट तिच्या पाठीशी उभे राहिले. अखेर विद्यापीठाने खास ठराव केला आणि १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या उच्च परीक्षेस बसणारी ती पहिली स्त्री ठरली. परीक्षा ती उत्तीर्ण झाली. पदवी? ती हाती पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे १९२० मध्ये सुरू केले, त्यानंतरच ते शक्य झाले.

मधली तीस वर्षे तिने वाट पाहण्यात घालविली नाहीत. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. पडद्यात राहणाऱ्या हिंदू व मुसलमान विधवांच्या, अनाथ मुलांच्या मालमत्तेच्या तंट्यांत त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. पुरुष वकिलापुढे त्या येऊ शकत नव्हत्या. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुलांना तिने कायद्याचे साह्य दिले. तिची राजकीय मते ब्रिटिश राज्याला अनुकूल होती. ती आपणांस पटणार नाहीत. पण म्हणून हे काम लहान ठरत नाही.

पालकहो, शिक्षक या नात्याने मी अनेकदा ऐकतो, "गुरुजी, मुलगी हुशार आहे हो, पण पुढे शिकवून काय करायचे?" त्यांना माझे उत्तर हेच की, ज्या घरच्या स्त्रीला दस्तऐवज वाचता येत नाही, तिचा हक्क दुसराच कोणी वाचतो आणि गिळतो.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आपणांस एवढेच सांगणे : अर्ज नामंजूर झाला म्हणजे लायकी नामंजूर झाली असे समजू नका. दुसरा मार्ग शोधा, मदत मागण्यास लाजू नका. आम्हा वडीलधाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. कॉर्नेलियासाठी कोणीतरी आवाहन केले, कोणीतरी पैसे पाठविले, कोणीतरी विद्यापीठाकडे शब्द टाकला. आपल्या गावातील हुशार मुलामुलींसाठी हे काम कोण करणार? ते आपणच करावयाचे आहे.