भूतानचा प्रवास : व्हिसा नाही, परवाना मात्र हवा

रायपूरलगतच्या उरला औद्योगिक वसाहतीत लोखंड-पोलादाबरोबर फेरो मिश्रधातूंचे कारखाने आहेत. भूतानमध्येही सीमेवरच्या फुंटशोलिंगजवळ, पासाखा येथे, स्वस्त जलविद्युतेवर फेरो-सिलिकॉन तयार होते. त्यामुळे कामानिमित्त असो वा सहकुटुंब सहलीसाठी, उरला-रायपूर भागातील मराठी कुटुंबांना हा शेजारी देश अगदीच अपरिचित नाही. तेथे जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही, हे खरे. मात्र एवढ्यावरच विसंबून निघालेल्यांची सीमेवर अडचण होते.

प्रवेशासाठी परवाना घ्यावा लागतो. त्याकरिता किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र आवश्यक आहे. आधार आणि पॅन कार्ड येथे चालत नाही. घरातील ज्येष्ठांकडे अनेकदा आधारखेरीज दुसरे काहीच नसते, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वीच प्रत्येकाचे कागद तपासावेत. मतदार ओळखपत्र नसलेल्या लहान मुलांसाठी पारपत्र किंवा जन्माचा मूळ दाखला सोबत असावा. अर्ज ऑनलाइन करता येतो. तो काही दिवस आधी केल्यास फुंटशोलिंगच्या कार्यालयात ताटकळावे लागत नाही. पर्यटन परवान्यावर नोकरी करता येत नाही, त्यासाठी स्वतंत्र परवाना असतो.

खर्चाचा मोठा भाग म्हणजे शाश्वत विकास शुल्क. पूर्वी भारतीयांना ते माफ होते. सप्टेंबर 2022 मध्ये पर्यटन पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून प्रत्येक रात्रीमागे माणशी 1,200 रुपये आकारले जातात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे शुल्क आहे, त्याहून लहान मुलांना काहीच नाही. आई-वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाने पाच रात्री मुक्काम केल्यास आई-वडिलांचे 12,000 आणि मुलीचे 3,000, असे 15,000 रुपये केवळ शुल्कापोटी जातात. हॉटेल, टॅक्सी आणि जेवणाचा खर्च याहून वेगळा. तक्तसांग मठासारख्या स्थळांचे प्रवेश तिकीटही निराळे. अन्य बहुतेक देशांच्या पर्यटकांना याच शुल्कापोटी रात्रीमागे 100 डॉलर मोजावे लागतात, हे पाहता भारतीयांना सवलतच आहे. तरी मध्यमवर्गीय कुटुंबाने मुक्कामाच्या रात्री मोजूनच कार्यक्रम आखावा.

पैशांची देवघेव सोपी आहे. भूतानचे चलन न्गुलत्रुम भारतीय रुपयाच्या समान मूल्याचे आहे आणि रुपयाही तेथे स्वीकारला जातो. जुलै 2021 पासून भीम-यूपीआयची सोयही आहे. तरी डोंगरी भागात रोख रक्कम जवळ बाळगलेली बरी. उरलेले न्गुलत्रुम परतण्यापूर्वीच खर्च करावेत किंवा बदलून घ्यावेत, कारण सीमाभाग सोडल्यावर ते भारतात कोणी घेत नाही.

रायपूर मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्याने हावड्यापर्यंतचा प्रवास सुलभ आहे. पुढे सियालदहहून सुटणारी कांचनकन्या एक्स्प्रेस हासीमारा स्थानकावर उतरवते. तेथून जयगावमार्गे फुंटशोलिंग गाठता येते. विमानाने जाणाऱ्यांना कोलकात्याहून पारोची सेवा मिळते. भूतानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. कार्यालयीन वेळेचा हिशोब त्यानुसार करावा.