वंगणाची परीक्षा

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या जळगांव जामोदहून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तेथील माणसानें जहाजाच्या यंत्रांतील तेलाविषयीं कां ऐकावें, असें कोणी विचारील. परंतु त्या मुलुखाचा कापूस बैलगाड्यांतून नांदुऱ्याच्या स्टेशनाकडे निघे, तेव्हां गाडीवानाला पहिली काळजी असे ती वंगणाची. गाडीखालीं टांगलेलें नळकांडें, त्यांत एरंडेलांत भिजलेल्या चिंध्या. चाक करकरूं लागलें कीं गाडी थांबवायची, तुंब्याला हात लावून पाहायचा, ऊन लागला तर वंगण घालायचें. (हेंच एरंडेल पहिल्या महायुद्धांत विमानांच्या फिरत्या इंजिनांनाहि लागे, कारण तें पेट्रोलांत सहज विरघळत नाहीं.) १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें खामगांवचा आगगाडीचा फांटा उघडला, वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून आगबोटींत चढूं लागला. त्या आगबोटीच्या पोटांतहि एक मनुष्य गाडीवानाचेंच काम करीत असे.

मुंबईस खलाशी भरणाऱ्या आगबोटींवर यंत्रघरांतील नोकरांचीं नांवें आपल्या ओळखीचीं होतीं. भट्टीपाशीं आगवाला, कोळसा वाहणारा कोयलावाला, आणि तेल देणारा तेलवाला. जुन्या वाफेच्या यंत्राचे दांडे उघडे असत. दांडा फिरून समोर येई त्या क्षणार्धांत तेलवाला बेअरिंगाला हात लावून तें तापलें आहे कीं काय हें पाही. वेळ चुकली तर बोटें जात. गोऱ्या खलाशाच्या मानानें त्याचा पगार कितीतरी कमी असे, आणि यंत्रविद्येच्या इतिहासांत त्याचें नांव शोधूनहि सांपडत नाहीं. मला ही गोष्ट खटकते.

इतिहासांत नांव आहे तें बीचम टॉवर याचें. १८८३ सालीं तो आगगाडीच्या आंसावर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें आंसावरील पितळी टोपीला वरून भोंक पाडलें. आंस फिरूं लागला आणि तेल आंत जाण्याऐवजीं उलट वर येऊं लागलें! त्यानें बूच बसविलें, तें निघालें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि वर सरकली. अखेर दाबमापक लावला, तों कांटा चौरस इंचास २०० पौंडांपलीकडे गेला. वरच्या भाराचा सरासरी दाब मात्र १०० पौंडच होता. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनोल्ड्सनें याचा गणितानें उलगडा केला. फिरता आंस तेलाला स्वतःच पाचरीसारखें आंत ओढतो व त्या पातळ पडद्यावर तरंगतो. धातु धातूला शिवत नाहीं. तो पडदा फाटला कीं यंत्राचा घात ठरलेला.

पुढें टर्बाईन आलें. तें वेगानें फिरलें तर काटकसरीनें चाले. पण जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकली. १९०९-१० च्या सुमारास चार्ल्स पार्सन्सनें ‘व्हेस्पेशियन’ हें जुनें मालवाहू जहाज घेऊन त्या दोहोंमध्यें दंतचक्रें बसविलीं, आणि टर्बाईनाचे मिनिटाचे सुमारें १४०० फेरे पंख्यापाशीं ७० वर आणले. कोळसा शेंकडा १५ च्या आसपास वांचला. पण चक्रें पेटींत बंद झालीं. तेलवाल्याचा हात आतां आंत पोहोंचेना, आणि जें विचारायचें तें तेलालाच विचारावें लागलें.

कोंकणच्या किनाऱ्यावरील मासेमारी लाँचींच्या गिअरपेटीलाहि आज हीच पद्धत लागू आहे. तेल दुधाळ झालें तर पाणी शिरलें. बहुधा तेल थंड करणाऱ्या नळीला छिद्र पडलेलें असतें, आणि खाऱ्या पाण्यानें बेअरिंग गंजतें. फेंस आला तर आधीं पातळी पाहावी. कमी असल्यास पंप हवा ओढतो, अधिक असल्यास चक्रेंच तेल घुसळतात. तेल काळवंडून करपट वास आला तर क्लच घसरत असल्याचा संशय घ्यावा. चुंबकाला चिकटलेला राखेसारखा कीस साधारण झिजेचा असतो. टोंचणारे कण असतील तर दांते किंवा बेअरिंग तुटूं लागलें आहे. पिवळी चमक म्हणजे पितळेची झीज, तिच्याविषयीं चुंबक मुका. दाब थंडपणीं ठीक आणि तापल्यावर उतरता असेल तर तेल फार पातळ आहे, अथवा पंप किंवा बेअरिंग झिजलें आहे.

घाईनें नवें तेल भरणें ही नेहमींची चूक. जुन्या तेलाबरोबर पुरावाहि ओतला जातो. मग वाऱ्यापावसांत, खडकांच्या तोंडाशीं पंखा थांबला म्हणजे आंतल्या माणसांच्या हातीं नांगराखेरीज कांहीं उरत नाहीं. जाणता मिस्त्री आधीं बाटलीभर तेल काढून रात्रभर स्थिर ठेवतो. पुष्कळदां सकाळीं तळाशीं पाणी वेगळें बसलेलें दिसतें. मग तो एक थेंब अंगठा व तर्जनी यांमध्यें चोळतो, नाकाशीं नेतो, आणि मगच पाना हातीं घेतो.