काबूस : छातीवरच्या ओझ्याचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' असे ओळखता येते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. त्यासाठी तो पहाटे चारचा गजर लावून उठे आणि मन जागे ठेवून पुन्हा झोपण्याचा प्रयत्न करी. एका पहाटे कानात घोंघावल्यासारखा आवाज सुरू झाला, अंगभर थरथर पसरली, हातपाय हलेनात, ओरडावे तर आवाज फुटेना. छातीवर कुणीतरी बसले आहे, अशी त्याची खात्रीच झाली. घरात जिन्नाची चर्चा सुरू झाली. आपाने तावीज आणला. पोरगा मात्र झोपायलाच घाबरू लागला.

मी त्याला एक शब्द सांगितला : काबूस.

उर्दूत हा शब्द भयंकर स्वप्नासाठी वापरतात. तो अरबीतून आला. मूळ धातूचा अर्थ दाबणे. दहाव्या शतकात बुखाऱ्याचे हकीम अखवैनी यांनी 'हिदायतुल मुतअल्लिमीन' या फारसी वैद्यकग्रंथात काबूसची चर्चा केली. पोटातून उठणारी वाफ मेंदूत चढते, म्हणून असे होते, हे त्यांचे मत. उपाय म्हणून त्यांनी जुलाब आणि रक्तमोक्षण सांगितले. पुढे इब्न सीना (980–1037) यांनी 'अल-कानून'मध्ये लक्षणे नोंदवली : झोप लागताना जड आकृती अंगावर पडल्याचा भास होतो, श्वास कोंडतो, वाचा आणि हालचाल बंद होते आणि ते ओसरताच माणूस दचकून जागा होतो. जणू माझा भाचाच बोलत होता! काबूस ही मिरगीसारख्या आजारांची पूर्वसूचना असू शकते, असेही त्यांनी बजावले.

स्वप्नाला आपल्या इच्छेने वळवण्याची हौसही जुनीच. 1377 साली लिहिलेल्या 'मुकद्दमा'त इब्न खल्दून यांनी झोपण्यापूर्वी म्हणायच्या काही शब्दांचा उल्लेख केला आहे. ते त्यांनी स्वतः म्हणून पाहिले आणि विलक्षण स्वप्ने पडल्याचे लिहिले. मात्र या शब्दांनी स्वप्न निर्माण होत नाही, मनाची फक्त तयारी होते, असा खुलासाही लगेच केला.

'ल्युसिड ड्रीम' हा शब्द डच डॉक्टर फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी 1913 साली रूढ केला. 'स्लीप पॅरालिसिस' हे नाव 1928 चे, ब्रिटिश डॉक्टर किनियर विल्सन यांचे. 1953 साली शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे वेगाने हलण्याची निद्रावस्था जगापुढे मांडली. ठळक स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात. स्वप्नातली धावपळ प्रत्यक्षात उतरू नये म्हणून मेंदू त्या वेळी हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो. हा बंद सुटण्याआधीच जाग आली, की काबूस. श्वास चालूच असतो; पण मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही, म्हणून छातीवर ओझे वाटते. घाबरलेला मेंदू त्या ओझ्याला चेहरा देतो.

डोळे मात्र या बंदातून मोकळे असतात. म्हणूनच 1975 साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांच्या प्रयोगात, झोपलेल्या माणसाने ठरलेल्या पद्धतीने डोळे हलवून 'मी स्वप्नात आहे' असा निरोप दिला. झोप मोडून मन जागे ठेवणारा माणूस याच उंबरठ्यावर उभा राहतो. तिथे काबूस भेटला, तर नवल नाही.

हकिमांचा वाफेचा सिद्धांत आज टिकत नाही. पण छातीवर कोण बसले, असे न विचारता शरीरात काय घडले, असे त्यांनी हजार वर्षांपूर्वी विचारले. तो प्रश्न आपल्या घरांतून हरवला आणि भीती तेवढी उरली.

भाच्याने पहाटेचा गजर बंद केला. वारंवार असे झाले किंवा दिवसा अनावर झोप येऊ लागली, तर डॉक्टरकडे जायचे, हेही ठरले. आपाच्या समाधानासाठी तावीज अजून गळ्यात आहे. परवा तो म्हणाला, "मामू, पुन्हा आला होता. मी डोळे फिरवले, एक बोट हलवायचा प्रयत्न केला. गेला."