रंगीत खगोलीय कॅमेऱ्याची जोडणी व चाचणी

रंगीत खगोलीय कॅमेऱ्याची जोडणी व चाचणी या संज्ञेत दुर्बिणीला रंगीत डिजिटल कॅमेरा बसवणे, त्याच्या संवेदकाचे गुणधर्म मोजणे आणि आकाशाच्या चित्रातील रंग व तेज कितपत विश्वासार्ह आहेत हे ठरवणे या कामांचा समावेश होतो. हौशी खगोलनिरीक्षक या कॅमेऱ्याला 'वन शॉट कलर' असेही म्हणतात. नावावरून तो एका दमात सर्व रंग टिपतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने भरले जातात. अंतिम चित्रातील रंगमाहितीचा दोन तृतीयांश भाग अशा रीतीने अंदाजित असतो. त्यामुळे चित्रातील एखादी लाल छटा तेजोमेघाची आहे, गावच्या दिव्यांची आहे की कॅमेऱ्याचीच आहे, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही.

पार्श्वभूमी

आकाशाच्या छायाचित्रातील रंगांविषयीची ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यांहून जुनी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील निजामिया वेधशाळेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'कार्त द्यु सिएल' या आंतरराष्ट्रीय तारानकाशा प्रकल्पात भाग घेतला. तिच्याकडे प्रामुख्याने −१७° ते −२३° क्रांतीचा पट्टा होता. अशा सर्वेक्षणांत वापरल्या जाणाऱ्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनक्षम असत. त्यामुळे तांबडे तारे डोळ्यांना दिसतात त्याहून मंद उमटत. पट्टीवरील तेज हे ताऱ्याचे तेज आणि पट्टीचा स्वभाव यांचे मिश्रण असते, हे तेव्हापासूनच ठाऊक होते.

विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडीचा शोध लावला. त्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या रंगगाळण्यांच्या जाळीला १९७६ मध्ये एकस्व मिळाले. आजचे बहुतेक रंगीत कॅमेरे सीमॉस संवेदक वापरतात, पण त्यांवरील जाळी बायर यांचीच आहे. संशोधनाच्या वेधशाळांत मात्र अजूनही एकरंगी संवेदक व त्यापुढे फिरवून आणता येणाऱ्या स्वतंत्र गाळण्या हीच पद्धत रूढ आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथील २ मीटर व्यासाची दुर्बीणही याच पद्धतीने वापरली जाते.

वजन आणि वेळ यांची काटकसर करावी लागते तेथे पारडे फिरते. मंगळयानावरील 'मार्स कलर कॅमेरा' हा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने बनवलेला कॅमेरा २०४८ × २०४८ पिक्सेलांचा आणि बायर जाळीचा होता. मंगळाकडे निघण्यापूर्वी, १९ नोव्हेंबर २०१३ रोजी, त्याने सुमारे ६८,००० किलोमीटर उंचीवरून भारतीय उपखंडाचे चित्र घेतले. समुद्र, वाळवंट व ढग यांचे रंग आधीच माहीत असल्यामुळे अनोळखी ग्रहापूर्वी कॅमेरा पारखण्यास याहून सोयीचा विषय मिळणे कठीण होते. ओळखीच्या रंगापासून सुरुवात करण्याचा हा क्रम छतावरील छोट्या दुर्बिणीलाही तितकाच लागू पडतो.

संवेदकाची रचना

बायर जाळीत २ × २ पिक्सेलांच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक लाल व एक निळा पिक्सेल असतो. मानवी डोळा हिरव्या प्रकाशात बारकावे अधिक टिपतो म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा दिलेला आहे. आकाशातील पदार्थ डोळ्याच्या सोयीने प्रकाश देत नाहीत, ही यातील मेख आहे. हायड्रोजनच्या तेजोमेघांची मुख्य रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते आणि ती जवळजवळ केवळ लाल पिक्सेलांना, म्हणजे संवेदकाच्या एक चतुर्थांश भागालाच, जाणवते. आयनीभूत ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा हिरव्या व निळ्या अशा दोन्ही पिक्सेलांत उमटते. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी काच हायड्रोजनच्या रेषेचाही बराच भाग कापते. म्हणून खगोलीय वापरासाठी ती अनेकदा काढून टाकली किंवा बदलली जाते.

वैजापूर परिसरातील परिस्थिती

कॅमेऱ्याची निवड आणि चाचणीची आखणी स्थानिक आकाशावर अवलंबून असते. गोदावरीच्या उत्तरेस सुमारे १९.९° उत्तर अक्षांशावर असलेले वैजापूर त्यासाठी मराठवाड्यातील प्रातिनिधिक उदाहरण ठरते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत ढगांमुळे काम जवळजवळ थांबते. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळे असले तरी हवेत धूळ असते आणि रात्रीही संवेदक तापलेला राहतो. उरलेल्या महिन्यांतून चांदण्या रात्री वगळल्या की मंद तेजोमेघांसाठी थोड्याच रात्री हाती लागतात. एकरंगी कॅमेऱ्याला लाल, हिरवी व निळी चित्रे वेगवेगळी घ्यावी लागतात. मध्येच ढग आले तर संच अपुरा राहतो. रंगीत कॅमेऱ्यात जितका वेळ मिळाला तितक्याचे पूर्ण चित्र तयार होते. संवेदनक्षमतेत उणा असूनही हौशी निरीक्षक त्याला पसंती देतात ते यामुळे.

या अक्षांशाचा लाभ दक्षिणेकडे दिसतो. मध्य युरोपातून न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ वैजापूरहून मध्यमंडलावर क्षितिजापासून सुमारे २२.५° वर येतो. इतक्या खालून येणारा प्रकाश जाड हवेतून जातो, निळा अधिक विखुरतो आणि गुच्छ प्रत्यक्षाहून पिवळट उमटतो. रंगाची पहिली चाचणी अशा पदार्थावर घेणे चुकीचे ठरते. ती खमध्याजवळील ताऱ्यांवर घ्यावी.

जोडणी

कॅमेऱ्याचा पिक्सेल आणि दुर्बीण यांचे प्रमाण आधी जुळवतात. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन त्याला २०६.२६५ ने गुणले आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले, की प्रत्येक पिक्सेलवर आकाशाच्या किती विकला पडतात ते मिळते. ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल व ४०० मिलिमीटरची दुर्बीण असल्यास हे उत्तर १.९४ विकला येते. २३.५ × १५.७ मिलिमीटरच्या संवेदकावर तेव्हा सुमारे ३.४° × २.२° क्षेत्र मावते आणि देवयानी दीर्घिका एका चौकटीत बसते. नाभीय अंतर याहून बरेच कमी असेल तर ताऱ्याचे बिंब एकाच पिक्सेलवर पडू लागते. त्या पिक्सेलवरील गाळणी लाल असेल तर पांढरा तारा लाल दिसतो, निळी असेल तर निळा. प्रत्येक चित्रानंतर दुर्बीण किंचित सरकवणे, म्हणजे डिदरिंग, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

क्षेत्र सपाट करणारे भिंग वापरल्यास त्याच्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर उत्पादकाने दिलेलेच ठेवावे लागते. ते बहुधा ५५ मिलिमीटर असते. मध्ये काचेची गाळणी घातली तर तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतके अंतर वाढवतात.

विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष वैजापूर येथे जमिनीशी अवघा २०° कोन करतो. उंच अक्षांशांसाठी बनलेल्या काही बैठकी इतक्या खाली वाकत नाहीत किंवा तोलवजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला आपटतो, म्हणून खरेदीपूर्वीच ही मर्यादा पाहावी. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत असला तरी इतका खाली असतो, की झाड किंवा शेजारची भिंत त्याला सहज झाकते. तेव्हा मध्यमंडलाजवळील ताऱ्याचे उत्तर-दक्षिण सरकणे पाहून अक्ष जुळवला जातो.

केंद्रीकरणासाठी तेजस्वी ताऱ्यावर बाख्तिनोव्ह मुखवटा वापरतात. साध्या दोन भिंगी अपवर्तक दुर्बिणीत लाल, हिरवा व निळा प्रकाश एकाच प्रतलात केंद्रित होत नाही. अशा वेळी हिरवे प्रतल धरून केंद्रीकरण करतात आणि निळ्या वलयाचा दोष कॅमेऱ्यावर ढकलत नाहीत.

संवेदकाच्या चाचण्या

पहिली चाचणी दिवसा, दुर्बीण सूर्यापासून पूर्ण दूर ठेवून, घेता येते. लाल मिरची व हिरवे पान यांचे रॉ चित्र घेऊन त्यातून रंगीत चित्र बनवतात. मिरची निळी दिसली तर प्रणालीला जाळीचा क्रम चुकीचा सांगितलेला असतो. फिट्स प्रकारच्या फाइली काही प्रणाली वरून व काही खालून वाचतात. चित्र वर-खाली उलटले की लाल-हिरवा-हिरवा-निळा हा क्रम हिरवा-निळा-लाल-हिरवा होतो. एवढ्याशा कारणाने पुढचे सर्व रंग बिघडतात.

त्यानंतर झाकण लावून अंधारी चित्रे, म्हणजे डार्क फ्रेम, घेतात. त्यांत संवेदकातील उष्णताजन्य प्रवाह, अतितप्त पिक्सेल आणि काही संवेदकांच्या कडेला दिसणारी अंगभूत चमक कळते. हा प्रवाह तापमान दर ६ ते ७ अंश सेल्सिअस वाढले की साधारण दुप्पट होतो. म्हणून शीतकरण असलेला कॅमेरा नेहमी एकाच तापमानावर चालवतात. शीतक हवेपेक्षा ३५ अंशांपर्यंत खाली जाऊ शकत असेल, तर २८ अंशांच्या उन्हाळी रात्री −७ ही त्याची सीमा होते. वर्षभरासाठी शून्य अंश ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते. प्लास्टिकच्या झाकणातून अवरक्त प्रकाश शिरतो का, हे कॅमेऱ्याभोवती विजेरी फिरवून घेतलेल्या अंधाऱ्या चित्रावरून समजते.

गेन आणि वाचन-गोंगाट मोजण्यासाठी एकसारख्या उजेडाची दोन व शून्याजवळच्या प्रकाशन काळाची दोन चित्रे पुरतात. ही मोजणी रंग भरण्यापूर्वीच्या फाइलीवर आणि प्रत्येक रंगाच्या पिक्सेलांसाठी वेगळी करावी लागते, कारण रंग भरताना शेजाऱ्यांची सरासरी होते आणि गोंगाट खोटा कमी दिसतो. उदाहरणादाखल, हिरव्या पिक्सेलांची सरासरी शून्यपातळी वजा जाता २०,००० असेल आणि दोन चित्रांच्या वजाबाकीचे प्रचरण ५०,००० आले, तर एका चित्राचे प्रचरण २५,००० होते. २०,००० ला २५,००० ने भागल्यास प्रति एकक ०.८ इलेक्ट्रॉन हा गेन मिळतो. शून्यकाळाच्या दोन चित्रांच्या वजाबाकीचे प्रमाण विचलन ५ असल्यास, त्याला २ च्या वर्गमुळाने भागून व ०.८ ने गुणून वाचन-गोंगाट सुमारे २.८ इलेक्ट्रॉन येतो.

या आकड्याचा उपयोग लगेच होतो. आकाशाच्या पार्श्वभूमीतून येणारे इलेक्ट्रॉन वाचन-गोंगाटाच्या वर्गाच्या दहापट, येथे सुमारे ७८, झाले की प्रकाशन काळ आणखी वाढवण्याचा फारसा लाभ उरत नाही. रंगीत कॅमेऱ्यात ही अट सर्वांत मंद रंगाने पूर्ण केली पाहिजे. काळोख्या आकाशात तो बहुधा निळा असतो.

प्रतिसाद रेषीय आहे का, हे १, २, ४, ८ सेकंदांची चित्रे घेऊन तपासतात. दिवा बॅटरीवरचा असावा. घरगुती विजेचा दाब बदलत असेल तर संवेदकाऐवजी वीजपुरवठ्याचीच चाचणी होते. कोपऱ्यातील तारे लांबट आल्यास कॅमेरा १८०° फिरवून पुन्हा चित्र घेतात. दोष चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर संवेदक तिरका बसला आहे. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीकडचा आहे.

सपाट उजेडाची चित्रे, म्हणजे फ्लॅट फ्रेम, धुळीच्या छटा व कडेचा काळोख काढण्यासाठी लागतात. संधिप्रकाशात ती घेताना घाई करावी लागते: विषुवदिनाच्या सुमारास वैजापूर येथे सूर्य दर चार मिनिटांनी जवळपास एक अंश खाली जातो आणि सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासात खगोलीय संधिप्रकाश संपतो. एलईडी फलक वापरल्यास वेळेची अडचण नसते, पण त्याचा उजेड निळसर असल्यास निळे पिक्सेल आधी संपृक्त होतात. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम स्वतंत्र पाहिले जातात.

रंगांची पारख

हिरव्याचे पिक्सेल दुप्पट आणि गाळण्यांची पारदर्शकता असमान असल्यामुळे रॉ चित्र बहुधा हिरवट दिसते. तो बिघाड नव्हे. सूर्यासारख्या जी२ वर्गाच्या ताऱ्याला पांढरा मानून तिन्ही रंगांचे गुणक ठरवणे ही जुनी रीत आहे. सिरिलसारख्या मुक्त प्रणाली आता गाया उपग्रहाच्या सूचीतील शेकडो ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांशी चित्र जुळवतात. हिवाळ्यात मृग नक्षत्र हा हाताशी असलेला पडताळा आहे: काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा दिसला पाहिजे. दोन्ही पांढरेच दिसले तर प्रकाशन काळ जास्त झाला आहे, कारण संपृक्त पिक्सेलात तिन्ही रंग समान होतात.

क्षितिजाजवळच्या ग्रहांच्या चित्रात एका कडेला लाल व दुसऱ्या कडेला निळी किनार दिसते. वातावरण निळा प्रकाश लालपेक्षा अधिक वाकवते आणि ३०° उंचीवर दोन्ही प्रतिमांत एका विकलेहून अधिक अंतर पडू शकते. ही किनार कॅमेऱ्याचा दोष समजून कॅमेरा परत पाठवल्याने काही साधत नाही; ग्रह वर आला की ती आपोआप कमी होते.

प्रक्रियेचा क्रम बदलला तर चाचण्यांचे फळ वाया जाते. डार्क वजा करणे व फ्लॅटने भागणे ही कामे रंग भरण्यापूर्वी झाली पाहिजेत. उशीर झाला तर एका अतितप्त पिक्सेलचा रंगीत ठिपका शेजारच्या पिक्सेलांत पसरतो आणि मंद ताऱ्यापासून तो वेगळा ओळखता येत नाही.