खालच्या जबड्याचा ज्ञानतंतु प्रथम कोणीं बधिर केला?

दांत काढण्यापूर्वीं सुई टोचून जबडा बधिर करण्याची रीत आज इतकी रूढ झाली आहे कीं, तिलाहि इतिहास आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दंतवैद्यकाच्या ग्रंथांतून या शोधाचें श्रेय अमेरिकन शस्त्रवैद्य विल्यम हॅल्स्टेड यांस एका वाक्यांत दिलेलें आढळतें. हें विधान खोटें नाहीं. परंतु तें कोणत्या कागदावर उभें आहे व त्या कागदांत आणखी काय आहे, हें पाहिल्यावांचून तें स्वीकारणें संशोधकास शोभणार नाहीं. मागाहून लिहिलेली बखर व त्या वेळचें अस्सल पत्र यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तोच निकष येथें लावून पाहूं.

प्रथम पूर्वपीठिका. कोकाच्या पानांतील कोकेन हें द्रव्य जर्मनींतील गटिंगेन येथें आल्बर्ट नीमान यांनीं इ. स. १८६० च्या सुमारास वेगळें केलें. त्याचा बधिर करण्याचा गुण शस्त्रक्रियेच्या उपयोगीं आणला तो व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं. ता. १५ सप्टेंबर १८८४ रोजीं हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेंत त्यांचा निबंध वाचला गेला. प्रवासखर्चास पैसे नसल्यामुळें ते स्वतः जाऊं शकले नाहींत, व ट्रिएस्टच्या ब्रेटाउअर यांनीं तो वाचला. ऑक्टोबरांत ही वार्ता न्यूयॉर्कच्या वैद्यकीय पत्रांत आली. परंतु कोलर यांची युक्ति थेंब घालण्याची होती. डोळ्याच्या पडद्यास ती पुरे. दांताचा ज्ञानतंतु हाडाच्या आंतून जातो, त्यास थेंब पोंचत नाहींत. पोकळ सुईनें औषध शरीरांत घालण्याची कला मात्र जुनीच होती. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनीं १८४४ सालीं, व एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनीं १८५३ सालीं, ज्ञानतंतूच्या वेदनेवर तिचा उपयोग केला होता. आतां या दोन गोष्टींची सांगड घालणेंच काय तें उरलें होतें.

ती कोठें घालावयाची, हें समजण्यास जबड्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. मस्तकांतून निघणाऱ्या पांचव्या ज्ञानतंतूची तिसरी शाखा खालच्या जबड्याकडे उतरते. तिचा एक फांटा जबड्याच्या उभ्या भागाच्या आंतल्या अंगास असलेल्या एका छिद्रांतून हाडांत शिरतो, नळींतून पुढें जातां जातां दांतांस तंतु पुरवितो, आणि त्याचा एक अंश पुढील छिद्रांतून बाहेर पडून ओंठ व हनुवटी यांकडे जातो. आंत शिरण्याच्या छिद्रापाशीं हाडाची एक लहानशी जीभ असते. ती स्पिक्स यांच्या नांवानें ओळखली जाते. जिभेस जाणारा दुसरा फांटा येथून जवळच, किंचित् पुढें व आंतल्या बाजूस असतो. खालच्या जबड्याचें हाड दाट असल्यामुळें दाढेच्या हिरडींत टोचलेलें औषध त्यांत नीट झिरपत नाहीं. म्हणून तंतूस हाडांत शिरण्यापूर्वींच गांठावें लागतें.

आतां मूळ कागद. हॅल्स्टेड यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांचें एक पत्र ‘न्यूयॉर्क मेडिकल जर्नल’च्या ता. ६ डिसेंबर १८८४ च्या अंकांत छापलेलें आहे. म्हणजे हायडेलबर्गच्या सभेस तीन महिनेहि झाले नव्हते. त्यांत दोन हकीकती आहेत. पहिली अशी कीं, हॅल्स्टेड यांनीं वैद्यकाच्या एका विद्यार्थ्यास, वरील छिद्राशीं सुईचें टोंक पोंचविण्याच्या हेतूनें, कोकेन टोचलें. चार ते सहा मिनिटांत त्या बाजूची अर्धी जीभ मध्यरेषेपर्यंत बधिर झाली, हिरड्याहि झाल्या, आणि दांतांवर ठोकलें तरी कळेना. दुसरी हकीकत हॉल यांची स्वतःची. त्यांचा वरचा एक पुढील दांत फार हुळहुळा झाला होता. नॅश नांवाच्या दंतवैद्यांनीं डोळ्याखालील छिद्राजवळ औषध टोचून तो वेदनेवांचून कोरला व भरला.

या पत्राचा अंतर्गत पुरावा पाहण्याजोगा आहे. हेतु दांताच्या तंतूचा असतां जिभेच्या बधिरतेचें इतकें बारीक वर्णन कां यावें? कारण जिभेचा फांटा शेजारींच आहे व औषध त्यालाहि भिजवितें. आजहि दंतवैद्याच्या खुर्चींतून उठणाऱ्या रोग्यास हाच अनुभव येतो. कल्पनेनें लिहिणारा दांतांवरच थांबला असता. पत्रलेखकानें पाहिलें तें लिहिलें.

यावरून निर्णय असा होतो कीं, खालच्या जबड्यापुरतें श्रेय हॅल्स्टेड यांचें खरें. परंतु त्याचा समकालीन साक्षीदार हॉल आहेत, आणि त्याच कागदांत वरच्या जबड्याचा मान नॅश यांस आहे. ग्रंथांतील एका वाक्यानें हीं दोन नांवें पुसलीं गेलीं.

हॅल्स्टेड यांनीं स्वतःच सविस्तर कां लिहिलें नाहीं? याचें उत्तर दुःखद आहे. ही मंडळी स्वतःवर व एकमेकांवर प्रयोग करीत होती, आणि कोकेनचें व्यसन कसें जडतें हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. १८८५ सालीं त्याच मासिकांत हॅल्स्टेड यांनीं लिहिलेल्या लेखाचें पहिलेंच वाक्य इतकें भरकटलेलें आहे कीं, लेखकाची अवस्था तेंच सांगतें. १८८६ सालीं त्यांस प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयांत राहावें लागलें. पुढें बाल्टिमोर येथें ते नामांकित झाले. परंतु मॉर्फीन त्यांस सुटलें नव्हतें, हें त्यांचे सहकारी ऑस्लर यांनीं गुप्त ठेवलेलें टिपण १९६९ सालीं प्रसिद्ध झालें तेव्हां उघड झालें. हॉल यांनींहि न्यूयॉर्क सोडलें. १८९७ सालीं ते कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें वारले. हॅल्स्टेड यांस अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेनें सुवर्णपदक दिलें तें १९२२ सालीं, म्हणजे प्रयोगानंतर ३८ वर्षांनीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांचा अंत झाला.

औषधें पुढें बदललीं. आइनहॉर्न यांचें नोव्होकेन १९०४ सालीं निघालें, लोफग्रेन यांचें लिडोकेन १९४३ सालीं. परंतु सुईचें लक्ष्य बहुधा तेंच राहिलें. नांव पुसलें जाण्याचा प्रकारहि थांबला नाहीं. तोंड उघडतां न येणाऱ्या रोग्यास मिटल्या जबड्यानें बधिर करण्याची रीत सुंदर वजिरानी यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केली. तशीच रीत नायजेरियाच्या अकिनोसी यांनीं १९७७ सालीं मांडली, व कांहीं काळ ती केवळ त्यांच्याच नांवानें चालली. जुना लेख पुन्हा पाहिला गेला तेव्हां दोन्ही नांवें जोडलीं गेलीं.

संग्राहकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: जुन्या मासिकांचीं बाडें बांधतांना मोठे निबंध ठेवून किरकोळ पत्रव्यवहाराचीं पानें काढून टाकण्याचा प्रघात आहे, तो सोडावा. वरील निर्णयाचें मुख्य साधन तशाच एका पानावर छापलेलें पत्र आहे.